निसर्गहानी व मानवी उत्तरदायित्व

निसर्गहानी व मानवी उत्तरदायित्व : मानवाच्या कृतीमुळे अथवा निष्क्रियतेमुळे भूमी, जल, वायू, वनस्पती व प्राणी यांच्या परस्परसंबंधांत जो टिकाऊ स्वरूपाचा बिघाड होतो, त्यास निसर्गहानी म्हणतात. हा बिघाड कोणी घडविला, तो टाळणे कोणास शक्य होते आणि तो भरून काढण्याचे कर्तव्य कोणावर येते, या प्रश्नांचा विचार उत्तरदायित्व या संज्ञेखाली केला जातो. ‘निसर्गाच्या ऱ्हासास मानव जबाबदार आहे’ हे विधान सर्वसाधारणपणे खरे असले, तरी ते अपुरे आहे. कारण त्यात ऱ्हासापासून लाभ मिळविणारा व त्याची झळ सोसणारा, जाणून नुकसान करणारा व अजाणता त्यास हातभार लावणारा, असे सर्वच एका पंक्तीत बसविले जातात. शास्त्रीय व नैतिक दृष्ट्या उपयुक्त विचार करावयाचा, तर प्रत्येक हानीची कारणपरंपरा स्वतंत्रपणे तपासावी लागते.

निसर्गातील प्रत्येक बदल म्हणजे हानी नव्हे व प्रत्येक हानी मानवकृत नसते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून दख्खनचे बेसाल्ट पठार बनले व त्या काळच्या सजीवसृष्टीवर त्याचे दूरगामी परिणाम झाले. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अशनीच्या आघाताने निर्माण झाले. या घटनांत कर्तृत्व नसल्याने उत्तरदायित्वही नाही. मानवाच्या बाबतीत हा प्रश्न उद्‌भवतो, कारण त्याला परिणामांचा अंदाज बांधता येतो, पर्यायांतून निवड करता येते व केलेल्या कृतीचा अनुभव पुढील पिढीस सांगता येतो.

संकल्पनेचा विकास : भारतीय परंपरेत मनुष्य जन्मतःच ऋणी असतो, अशी कल्पना आढळते. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ हा इतर जीवांप्रती असलेल्या कर्तव्याचा विधी होय. सह्याद्रीतील देवरायांमध्ये देवतेच्या नावाने राखलेल्या वनखंडांत तोड निषिद्ध मानली जाई; १९७० नंतरच्या दशकात वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला. तथापि श्रद्धेचे हे संरक्षण जमिनीची मालकी, बाजार व वाहतुकीची साधने बदलताच अनेक ठिकाणी दुबळे ठरले, हेही लक्षात घेतले पाहिजे. परंपरेतील आदर हा उत्तरदायित्वाचा आधार होऊ शकतो, पर्याय होऊ शकत नाही.

पश्चिमेत जॉर्ज पर्किन्स मार्श या अमेरिकन लेखकाने १८६४ मध्ये, मनुष्य हा भूपृष्ठात बदल घडविणारी एक मोठी शक्ती आहे, असे सविस्तर प्रतिपादन केले. रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये कीटकनाशकांचे अन्नसाखळीवरील परिणाम सामान्य वाचकांपुढे मांडले. जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक परिषद झाली; तीत भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दारिद्र्य व पर्यावरण यांचा परस्परसंबंध मांडला. जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास याने १९७९ मध्ये असा विचार मांडला, की तंत्रविद्येमुळे मानवी कृतीचा पल्ला स्थळ व काळ या दोन्ही दृष्टींनी वाढला असल्याने नीतिशास्त्राचा पल्लाही अद्याप न जन्मलेल्या पिढ्यांपर्यंत वाढविला पाहिजे.

उत्तरदायित्वाचे निकष : एखाद्या हानीबाबत चार प्रश्न विचारले असता उत्तरदायित्वाचे स्वरूप पुष्कळसे स्पष्ट होते : (१) कर्तृत्व–कोणाच्या कृतीने हानी झाली? (२) ज्ञान–परिणाम त्यास ठाऊक होते का, किंवा ठाऊक करून घेणे शक्य होते का? (३) लाभ–कृतीचा फायदा कोणास मिळाला? (४) क्षमता–हानी थांबविण्याचे वा भरून काढण्याचे सामर्थ्य कोणाकडे आहे? हे चार निकष एकाच व्यक्तीच्या वा संस्थेच्या ठिकाणी एकत्र आले, तर निर्णय सोपा होतो. प्रत्यक्षात ते बहुधा विखुरलेले असतात. पुढील उदाहरणांवरून हे दिसून येईल.

वाशिमचे पठार : वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यातील रिसोड तालुक्यात असलेले रिठद हे गाव व त्याच्या भोवतीचा प्रदेश बेसाल्टच्या पठारावर वसला असून शेती हाच येथील जीवनाचा मुख्य आधार आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावणारी पैनगंगा या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून व सीमेवरून वाहते. येथे मोठे कारखाने नाहीत. धुराडी व रासायनिक सांडपाण्याचे नाले नाहीत. त्यामुळे निसर्गहानीचा विचार करताना अशा प्रदेशाकडे सहसा लक्ष जात नाही. परंतु जमिनीची धूप, गवताळ रानांचा लोप व भूजलाचा उपसा या संथ व आवाज न करणाऱ्या हानी अशाच प्रदेशांत घडतात.

या प्रदेशाच्या भूमिवापरातील मोठे स्थित्यंतर एकोणिसाव्या शतकात झाले. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापसाचा पुरवठा खंडित होताच इंग्लंडमधील गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची निकड भासली. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. कापसाखालील क्षेत्र वाढले, चराऊ राने नांगराखाली आली व इंग्रजी वनव्यवस्थेने उरलेल्या वनांवरील गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क आकुंचित केले. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत या बदलाचे दुष्परिणाम प्रकर्षाने जाणवले. येथे नांगर चालविणारा हात स्थानिक शेतकऱ्याचा होता. परंतु मागणी, लाभ व निर्णयशक्ती यांचा मोठा हिस्सा त्याच्याकडे नव्हता. कर्तृत्व व लाभ वेगवेगळ्या ठिकाणी असण्याचे हे ठळक उदाहरण होय.

विसाव्या शतकाच्या अखेरीस सोयाबीनच्या प्रसाराने दुसरे स्थित्यंतर घडले. कमी मुदतीचे व रोख पैसा देणारे हे पीक कोरडवाहू शेतकऱ्यास सोयीचे ठरले व ज्वारीचे क्षेत्र घटत गेले. ज्वारीबरोबर कडबा घटला, कडब्याबरोबर जनावरे घटली आणि जनावरांबरोबर शेणखत घटले. सेंद्रिय द्रव्य कमी झालेल्या काळ्या जमिनीतील कणांची घडण सैल होते. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या व उताराच्या दिशेने नांगरलेल्या शेतावर मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला, की वरचा सुपीक थर ओघळींवाटे नाल्यात जातो. बेसाल्टपासून एक सेंमी. जाडीची माती बनण्यास शेकडो वर्षे लागतात. ती वाहून जाण्यास काही पावसाळे पुरतात [→ मृदा संधारण].

भूजलाची स्थितीही अशीच आहे. कठीण बेसाल्टमध्ये पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात व खालील भेगांमध्ये; वाळूच्या प्रदेशाच्या तुलनेने ही साठवण फार थोडी असते. एका शेतातील विंधन विहीर खोल गेली, की शेजारच्या उथळ विहिरीचे पाणी ओढले जाण्याचा संभव असतो. मग शेजारीही अधिक खोल जातो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता समंजस असतो आणि सर्वांच्या निर्णयांची बेरीज मात्र सर्वांनाच तोट्यात नेते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ अन्वये शेती व उद्योगांसाठी ६० मी. हून अधिक खोल विहिरी घेण्यास मनाई करण्यात आली आहे. परंतु लाखो स्वतंत्र उपशांवर देखरेख ठेवणे हे कायद्याच्या यंत्रणेपुढील अवघड काम आहे.

गवताळ रानांचा लोप ही सर्वांत कमी दखल घेतली गेलेली हानी होय. महसुली दप्तरात ‘पडीक’ अशी नोंद झालेल्या जमिनी प्रत्यक्षात काळवीट, ससे, लावे, तितर यांचे व तणमोर (सायफिओटायडीस इंडिकस) या पक्ष्याचे वसतिस्थान असतात. तणमोर हा माळढोक कुलातील लहान पक्षी असून पावसाळ्यात नर गवतातून वारंवार उंच उड्या मारून मादीचे लक्ष वेधतो. अकोला व वाशिम जिल्हे हे त्याच्या महाराष्ट्रातील थोड्या आश्रयस्थानांपैकी आहेत. २०२१ मध्ये त्याची गणना जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त जातींत करण्यात आली. भूमीस ‘पडीक’ म्हणण्याची कारकुनी सवय ही येथे केवळ शब्दाची चूक राहत नाही; ती नांगर, वृक्षलागवड व बांधकाम या सर्वांस परवानगी देणारी कृती ठरते.

ज्ञान व उत्तरदायित्व : गिधाडांचे उदाहरण : १९८० नंतरच्या दशकापर्यंत भारतात गिधाडे विपुल होती व मेलेली जनावरे गावाबाहेर टाकली, की ती काही तासांत त्यांचा फडशा पाडीत. १९९० नंतर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची (जिप्स बेंगालेन्सिस) संख्या झपाट्याने घसरून २००७ पर्यंत ९९ टक्क्यांहून अधिक घट झाल्याचे पाहणीत आढळले. कारण बराच काळ अज्ञात होते. २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनावरून असे सिद्ध झाले, की जनावरांच्या वेदना व दाह यांवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यांच्या शवांतून गिधाडांच्या शरीरात जाते व त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. मानवी वापराच्या मोठ्या बाटल्या जनावरांसाठी वापरल्या जात असल्याने २०१५ मध्ये त्यांच्या आकारावरही मर्यादा आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध होता. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक या औषधांवरही जनावरांच्या बाबतीत बंदी घालण्यात आली.

लंगडणाऱ्या बैलास औषध देणाऱ्या शेतकऱ्याच्या कृतीत दया होती, दुष्टावा नव्हता. त्यास परिणाम ठाऊक असणे शक्यच नव्हते. म्हणून २००४ पूर्वीच्या वापरास कारण म्हणता येईल, अपराध म्हणता येणार नाही. ज्ञान प्राप्त झाल्यानंतर मात्र त्याच कृतीचे नैतिक स्वरूप बदलले. त्यातही उत्तरदायित्वाचा मोठा भाग उत्पादक, विक्रेते व नियंत्रक यंत्रणा यांच्याकडे जातो. कारण माहिती प्रथम त्यांच्यापर्यंत पोहोचते आणि पर्याय उपलब्ध करून देण्याची क्षमता त्यांच्याकडे असते. या हानीची किंमत मानवानेही मोजली. गिधाडे नाहीशी झाल्यावर कुजणारी शवे व भटकी कुत्री वाढली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात २०००–०५ या काळात त्यामुळे सुमारे पाच लाख अतिरिक्त मानवी मृत्यू झाल्याचा अंदाज वर्तविला आहे.

झळ व लाभ यांची विषम वाटणी २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातही दिसून आली. कपाशीवर कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेने त्या हंगामात सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मरण पावले व शेकडो रुग्णालयात दाखल झाले. फवारणी करणारा येथे एकाच वेळी हानीचे साधन व तिचा पहिला बळी होता. अशा माणसास निसर्गाचा शत्रू ठरविणे हे अन्यायाचे आणि उपाययोजनेच्या दृष्टीने निरुपयोगीही होय.

लोणार : कारणनिश्चितीची आवश्यकता : रिसोडच्या पश्चिमेस बुलढाणा जिल्ह्यात असलेले लोणार सरोवर बेसाल्टमधील सुमारे १.८ किमी. व्यासाच्या आघातविवरात असून त्याचे पाणी खारट व तीव्र अल्कधर्मी आहे. अशा पाण्यात विशिष्ट सूक्ष्मजीवच जगू शकतात व त्यांची परिसंस्था इतरत्र क्वचितच आढळते. १९७९ मध्ये विवरास राष्ट्रीय भूवारसा स्थळाचा दर्जा मिळाला, २००० मध्ये तेथे वन्यजीव अभयारण्य घोषित झाले आणि २०२० मध्ये सरोवराचा रामसर यादीत समावेश करण्यात आला. गावाचे सांडपाणी, विवराच्या आतील शेती, यात्रेकरूंचा कचरा व वेड्या बाभळीचा फैलाव या मानवनिर्मित उपद्रवांबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जनहित याचिकेच्या अनुषंगाने अनेक आदेश दिले आहेत.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. अनेकांनी त्याचा दोष प्रदूषणास दिला; परंतु पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे आढळले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढली, की असे जीव वाढतात. याउलट गोडे पाणी व सांडपाणी अधिक प्रमाणात मिसळून क्षारता घटत गेली, तर बाहेरून पाहणाऱ्यास काहीच विशेष दिसत नाही. सरोवराच्या वैशिष्ट्यपूर्ण जीवसृष्टीस मात्र खरा धोका त्यातूनच संभवतो. डोळ्यांत भरणारा बदल निरुपद्रवी व न दिसणारा बदल घातक असू शकतो, म्हणून उत्तरदायित्वाच्या विचारात भावनेपूर्वी मोजमापास स्थान द्यावे लागते.

जागतिक संदर्भ : औद्योगिक क्रांतीपूर्वी वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे २८० होते; ते आता ४२० च्या वर गेले आहे. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने २०२१ मध्ये, पृथ्वीच्या तापमानवाढीस मानवी प्रभाव कारणीभूत असल्याचे निःसंदिग्धपणे नमूद केले. आजवरच्या एकूण उत्सर्जनात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. भारताचा दरडोई वाटा अल्प असला, तरी वार्षिक उत्सर्जनात त्याचा क्रमांक जगात तिसरा लागतो. १९९२ च्या हवामानविषयक करारातील ‘सामाईक परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व या विषमतेची दखल घेते. पावसातील खंड व अवकाळी गारपीट यांची भीती असणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचा या उत्सर्जनातील वाटा नगण्य असतो. मात्र याच तत्त्वाचा आधार घेऊन देशांतर्गत श्रीमंत वर्गास गरिबांच्या अल्प उत्सर्जनाआड लपता येणार नाही. राष्ट्रांना लागू होणारा न्याय राष्ट्रांतर्गत गटांनाही लागू होतो.

कायदेशीर उत्तरदायित्व : महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम केला; देशपातळीवर तसा कायदा १९७४ मध्ये झाला. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७६) अनुच्छेद ४८ क अन्वये राज्यावर व ५१ क (छ) अन्वये प्रत्येक नागरिकावर पर्यावरणरक्षणाचे कर्तव्य सोपविले. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम संमत झाला. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगावर संपूर्ण दायित्व ठेवले व १९९६ मध्ये वेल्लोर येथील चर्मोद्योगांच्या प्रकरणात ‘प्रदूषकाने भरपाई द्यावी’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. २०१० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची स्थापना झाली. २०२४ मध्ये माळढोक पक्ष्यासंबंधीच्या खटल्यात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क न्यायालयाने मूलभूत हक्कांशी जोडला. दुसरीकडे, २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने पर्यावरणविषयक काही अपराधांसाठीची कारावासाची तरतूद काढून तेथे आर्थिक शास्ती आणली. दंडाची रक्कम हानीच्या मानाने अल्प राहिल्यास तो केवळ उत्पादनखर्चाचा एक भाग होण्याची भीती असते.

कायद्याची ही चौकट जेथे एक कारखाना, एक नळ व एक नदी असे चित्र असते, तेथे परिणामकारक ठरते. माती, भूजल व गवताळ राने यांची हानी मात्र असंख्य लहान कृतींतून होते. तेथे आरोपी शोधण्यापेक्षा सर्वांना बांधून घेणारा नियम शोधणे अधिक महत्त्वाचे असते.

भरपाई व पुनर्स्थापना : उत्तरदायित्वाचा अंतिम अर्थ शिक्षा हा नसून दुरुस्ती हा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने सिंचनासाठी विंधन विहिरी न घेण्याचा निर्णय केला व उपलब्ध पाण्याच्या ताळेबंदाप्रमाणे पिके ठरविण्याची पद्धत अंगीकारली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. हक्क असलेला समाज वनाची जबाबदारीही पेलू शकतो, हे तेथे दिसून आले. वाशिम जिल्ह्यात काळविटांसाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य (१८.३२ चौ. किमी.) २००० मध्ये घोषित झाले. अकोला–वाशिम भागातील फासेपारधी समाजातील माणसांनी आपल्या परंपरागत शिकारीच्या ज्ञानाचा उपयोग गवताळ राने व तेथील पक्षी राखण्यासाठी केला, ही विशेष उल्लेखनीय गोष्ट होय. ज्या समाजास इंग्रजी राजवटीत गुन्हेगार ठरविण्यात आले व पुढेही पक्ष्यांच्या ऱ्हासाबद्दल सर्वाधिक दोष देण्यात आला, त्यानेच उत्तरदायित्वाचा वाटा उचलला; त्या रानांचे नांगरटीत व बांधकामात रूपांतर करून लाभ मिळविणाऱ्यांकडून तशी अपेक्षा क्वचितच केली गेली.

रिठदसारख्या गावाच्या संदर्भात उत्तरदायित्वाची वाटणी अशी करता येईल : उताराला आडवी पेरणी, बांधावरील गवत व शेणखताचा वापर या गोष्टी शेतकऱ्याच्या हाती आहेत, गायरानांचे रक्षण, भूजलाचा ताळेबंद व २००२ च्या जैवविविधता अधिनियमाखालील लोकजैवविविधता नोंदवही ही कामे ग्रामसभेची आहेत, ज्वारी, तूर व इतर पिकांना परवडणारा भाव, सुरक्षित औषधे व प्रामाणिक सल्ला मिळेल अशी व्यवस्था करणे हे शासनाचे व उद्योगांचे काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला, तोही याच वाटणीचा भाग होय. यांपैकी शेवटच्या घटकाने आपला वाटा टाळून पहिल्यास केवळ उपदेश करणे, हा उत्तरदायित्वाचा विपर्यास ठरतो. त्याचप्रमाणे वरचे काही करीत नाहीत म्हणून बांधावरचे गवतही जाळून टाकणे समर्थनीय होत नाही. कारण वाहून गेलेली माती दोष कोणाचा होता हे ठरेपर्यंत शेतात थांबत नाही.